नकुशीचं शास्त्रातलं नाव

११ फेब्रुवारी १९९०, रविवार, दौंड. बाप्तिस्म्याला मुलीच्या हातावर जमलेली एकूण रक्कम रुपये अकरा. हजर माणसं: पाळकसाहेब, माझी धाकटी बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, दाजींचे वडील म्हणजे आबा, मी, आणि मागच्या बाकावर रेल्वे क्वार्टर्समधल्या दोन शेजारणी. अकरापैकी दहा माझे. एक रुपया शेजारणींपैकी एकीनं ठेवला. ती आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, नव्हती, त्यामुळे तिसऱ्या मुलीच्या हातावर काही ठेवायचं नसतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

थोरल्या भाचीच्या बाप्तिस्म्याला अडीच किलो पेढे होते. मधलीच्या वेळी किलोभर. या तिसरीच्या वेळी चहा, आणि तोही बहिणीनंच उभ्या-उभ्या केलेला. बाळंतपणाला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

नाव काय ठेवायचं हे बहिणीला कोणी विचारलं नाही. आबांनी खिशातून एक चिठ्ठी काढून पाळकांना दिली. पाळकांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"आबा, हे नाव कोणी ठेवत नाही."

"शास्त्रात हाय का न्हाई?"

"आहे, पण..."

"मुलीचंच हाय ना?"

"मुलीचंच आहे."

"मग घाला पाणी."

पाळकांनी वर पाहिलं. वर आबांनी मंडळीला दान दिलेला पंखा होता. असे दोन पंखे होते आणि प्रत्येक पात्यावर आबांचं नाव तांबड्या रंगात लिहिलेलं होतं. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नसे, म्हणून आबा उपासना सुरू होईपर्यंत पंखा लावू देत नसत. पाळक पात्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी पाणी घातलं. मुलीचं नाव लो-रुहामा झालं.

मंडळीचे सेक्रेटरी त्या दिवशी ड्यूटीवर होते. माझं अक्षर बरं, म्हणून पाळकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी शिरूरच्या मार्केट यार्डात कारकून. समोर वही आली की तीत भरायचं, एवढीच सवय. रेघ सोडून, मार्जिन सांभाळून, टपोऱ्या अक्षरात मी लिहिलं: लो-रुहामा. कानाला नाव बरं वाटलं होतं. परदेशी वाटलं होतं.

अर्थ मला चहाच्या वेळी कळला, तोही मी सहज विचारलं म्हणून.

"दया न केलेली," आबा बशीत चहा ओतत म्हणाले. "जिच्यावर माया न्हाई ती."

मी बहिणीकडे पाहिलं. ती स्टोव्हची वात खाली करत होती.

आता आबांचं हे शास्त्र नीट सांगायला हवं. आबा मूळचे केंदूरचे. केंदूरला त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंना एकेक नकुशी होती. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला नकुशी म्हणायचं, म्हणजे देवाला कळतं की आता पुरे, आणि पुढच्या खेपेला तो मुलगा धाडतो, ही तिकडची समजूत. आबा त्या लोकांना हसत. "आपण ख्रिस्ती मानसं. ह्ये आडाणीपन आपल्यात न्हाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीसदा ऐकलंय. आणि तिसरी नात झाल्यावर या अडाणीपणा नसलेल्या माणसानं चष्मा लावून चार रात्री शास्त्र, म्हणजे बायबल, चाळलं आणि नकुशी हुडकून काढली. इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतली. बरोबर पुरावाही आणला.

"फुडं वाचा," ते मला सांगत होते. "त्या संदेष्ट्याच्या बाईनं हिचं दूध तोडलं, तिला परत दिवस ग्येले, आन् काय झालं? मुलगा! लिवलंय तसं."

लिहिलंय तसं, हे खरं. दाजी मान हलवत होते. मी काय केलं? रजिस्टर अजून टेबलावरच होतं, शाई ओली होती म्हटलं तरी चालेल. उठून एक रेघ मारायची होती. पण पावणेदोनची शिरूर गाडी होती, ती चुकली असती तर पुढची साडेचारला. मी चहा संपवून स्टँडवर गेलो. इतरांना नावं ठेवतोय तर हेही लिहिलं पाहिजे.

१९९२ च्या पावसाळ्यात दाजींना मुलगा झाला. पेढे पाच किलो. त्याच्या नावासाठी शास्त्र चाळावं लागलं नाही. राजाचं नाव लगेच सापडलं. आबा मंडळीत सगळ्यांना हात धरधरून सांगत होते, वचन खरं ठरलं म्हणून. बहिणीला या चमत्कारात काही श्रेय होतं असं त्यांच्या बोलण्यातून वाटत नसे.

मुलगी मोठी होत होती. गावाकडच्या नकुशीला निदान एक सोय असते. तिचं नाव ऐकलं की ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, चांगला माणूस असेल तर त्याला थोडी लाज वाटते, एखादी मास्तरीण हजेरीत दुसरं नाव लावते. हिच्या नावाची कोणाला लाज वाटायचा प्रश्नच नव्हता, कारण ते कोणाला कळतच नव्हतं. रेल्वे दवाखान्यातला कंपाउंडर म्हणायचा, "काय फॉरेन नाव आहे!" शाळेतल्या बाई समजल्या की लो हे बापाच्या नावाचं आद्याक्षर, म्हणून त्या लो नंतर टिंब द्यायच्या. क्वार्टर्समधली पोरं लोलो म्हणायची. इतका मोठा अपमान इतक्या कौतुकानं वापरलेला मी दुसरा पाहिला नाही. आणि आम्ही जे अर्थ जाणत होतो, ते चार-पाच जण गप्प होतो. आबांना अभिमान होता, दाजींना मुलगा होता, पाळकांची बदली झाली होती. मी नाताळला दहाची नोट देत होतो.

मे २००३ मध्ये एका दुपारी ती एकटीच न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं शिरूरला आली. तेरा वर्षांची होती. पिशवीत कपडे नव्हते, फक्त शास्त्र होतं. मंडळीच्या सुट्टीतल्या वर्गात पाठांतराची स्पर्धा होती आणि तिच्या गटाला नेमका त्याच संदेष्ट्याचा भाग आला होता. ज्या संदेष्ट्याला देवानं सांगितलं, मुलीचं नाव हे ठेव. खाली बारीक अक्षरात तळटीप, तीत अर्थ.

तिनं पाणीही घेतलं नाही. "मामा, मंडळीच्या रजिस्टरला माझं नाव लिवलंय, त्ये अक्षर तुमचं हाय ना?"

"हो."

"तवा अर्थ ठाऊक व्हता?"

"लिहिताना नव्हता. अर्ध्या तासानं कळला."

"मग तेरा वर्षं काय केलं?"

माझी बायको दारात ताट घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली. मुलगी रडली वगैरे नाही. तिनं काय हवंय ते सरळ सांगितलं. ती आता आठवी पास झाली होती. शाळेच्या हेडमास्तरांना तिनं आधीच विचारलं होतं. नववीच्या वर्षात नाव दुरुस्त करून घेतलं तर शाळेच्या रजिस्टरात बदलता येईल. एकदा दहावीचा फॉर्म बोर्डाकडे गेला आणि सर्टिफिकेटवर छापलं की मग ते नाव नोकरीला, लग्नाला, सगळीकडे बरोबर येणार. वडिलांचं प्रतिज्ञापत्र लागेल आणि मंडळीच्या रजिस्टरातली दुरुस्ती लागेल. वडील सही करत नव्हते.

"का?"

"भावाला काय हुईल म्हनून."

मला आधी खरंच कळलं नाही. मग कळलं. त्या मुलाची तब्येत अकरा वर्षं या मुलीच्या नावावर टेकवून ठेवलेली होती, जशी मोडक्या खाटेखाली वीट सारतात. वीट काढली तर खाट बसेल.

दाजींशी बोलण्याआधी मला माझी माहिती पक्की हवी होती. ऐकीव गोष्टीवर मी भांडत नाही. शिरूरला आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक होते. तरुणपणी ते पाळक होण्यासाठी शिकायला गेले, इब्री शिकले आणि पाळक न होता परत आले. त्यांच्या मते दोन्ही गोष्टी फायद्याच्या झाल्या. आम्ही मामा-भाची त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाटीवर तीन अक्षरं काढली.

"लो म्हणजे नाही. ते सोडून दे," ते मुलीला म्हणाले. "हे बघ, रेश, हेथ, मेम. आपल्या र, ह, म सारखी. याच तीन अक्षरांतून गर्भाशयाला त्यांचा शब्द निघतो आणि यातूनच मायेचा. आईला पोटच्या लेकराबद्दल जे वाटतं ते म्हणजे रुहामा. भाषांतरात दया लिहितात. फार फिकं भाषांतर आहे. दया भिकाऱ्यावरही येते."

"मग देवानं असं नाव का ठेवायला लावलं?"

"राष्ट्र बिघडलं होतं. त्याला ताकीद द्यायची होती, की आता तुमच्यावर माया नाही."

मी म्हणालो, "म्हणजे नोटीस राष्ट्राला, आणि चिकटवायची तान्ह्या मुलीच्या अंगावर."

"हो, तसंच म्हणायचं," मास्तर म्हणाले. "संदेष्ट्याच्या बायकोला काय वाटलं हे लिहायचं त्यालाही सुचलं नाही. पण पान उलटा. पान न उलटणारी माणसं फार."

मुलीनं पान उलटलं. तिथं काय आहे ते तिनं मोठ्यानं वाचलं. मग तिनं त्या पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलं.

पुढच्या रविवारी आम्ही दौंडला गेलो. आबा ऐंशीच्या पुढे गेले होते, पण बाजेवर ताठ बसले होते. दाजी नाईट करून आले होते आणि चिडलेले होते.

"पाव्हणं, तुम्ही शिरूरला बसून सांगताय. पोरगं माझं हाय. मागल्या साली टायफॉइड झाला, मरता मरता वाचलं. आता त्ये नाव उचकटायचं आन् काय झालं मंजी?"

"टायफॉइड झाला तेव्हा हे नाव होतंच की. मग नावानं काय राखण केली?"

"म्हनून तर वाचलं!"

या तर्कापुढे कोणी काय बोलावं? खरं ठरलं तरी नाव, खोटं ठरलं तरी नाव. मार्केट यार्डात असा वजनकाटा कोणी ठेवला असता तर लायसन गेलं असतं.

मी आबांकडे वळलो. "आबा, त्या बाईला पुढे मुलगा झाला, बरोबर?"

"व्हय. लिवलंय."

"त्या मुलाचं नाव काय ठेवलं?"

दाजींनी आबांकडे पाहिलं. मुलगी पिशवीवर हात ठेवून उभी होती.

"तुम्हाला माहीत आहे, आबा. चार रात्री वाचत होतात."

"लो-अम्मी," आबा म्हणाले.

"मंजी?" दाजींनी विचारलं. तेरा वर्षांत त्या माणसानं त्याच ओळीच्या खालची ओळ वाचली नव्हती.

"माझा नव्हे," मी सांगितलं. "माझे लोक नव्हेत. शास्त्राप्रमाणेच चालायचं असेल तर अर्धं कशाला? मुलीचं नाव तसंच राहू द्या आणि पोराचं बदलून लो-अम्मी करा. मी स्वतः अर्ज लिहितो, अक्षर चांगलं आहे माझं."

"काय बी बोलताय!" दाजी उठून उभे राहिले.

"मी कुठे बोलतोय? लिवलंय."

मग मुलीनं शास्त्र उघडलं आणि बसचं तिकीट घातलेलं पान आबांच्या मांडीवर ठेवलं. तिथं साफ सांगितलंय, भावांना अम्मी म्हणा, बहिणींना रुहामा म्हणा. दोघांच्याही नावाआधीचा लो तिथं काढून टाकलाय. मूळ पानापासून बोटभर अंतरावर.

"आबा," मी म्हणालो, "इतकं वाचलंत, हे एवढंच पान उलटायला बोट नव्हतं?"

आबांनी पानाकडे पाहिलं नाही. त्यांना ते पाठ असणार. "बोट व्हतं," ते म्हणाले. "नात व्हती आन् नातू नव्हता."

त्या घरात त्या विषयावर बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य. पण मी काही त्यांना त्यासाठी माफ वगैरे केलं नाही. नातीपुढे ते वाक्य बोलताना त्यांचा आवाजही हलला नाही.

दाजी अजून म्हणतच होते, "पन नावानंच झाला ना मुलगा..." तेव्हा बहीण बोलली. तिला मी लग्नानंतर त्या घरात आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही तिनं तो चढवला नाही. ती तांदूळ निवडत होती.

"नावानं न्हाई झाला. माझ्या पोटातनं झाला. ही बी तितनंच झाली." सुपातला एक खडा तिनं बाहेर टाकला. "सही करा, न्हाईतर उद्यापासनं डबा स्टेशनावर मिळतो तिथं खावा."

दाजी बापाकडे बघत राहिले. पन्नाशीला आलेला माणूस, रुळांचे सांधे बदलणं हे ज्याचं रोजचं काम, आणि स्वतःच्या मुलीसाठी बापानं मान हलवल्याशिवाय हात हलत नाही. आबांनी मान हलवली.

"पोराला काय व्हनार न्हाई ना?" दाजींनी मला हळूच विचारलं.

"टायफॉइड पाण्यानं होतो, दाजी. क्वार्टरवरची टाकी धुवून घ्या."

त्याच संध्याकाळी मंडळीचं जुनं रजिस्टर काढलं. नवे पाळक तरुण होते आणि त्यांच्या वेळेपर्यंत आबांच्या पंख्यांवरचा रंग उडालेला होता, त्यामुळे अडचण आली नाही. माझ्याच अक्षरातल्या त्या लो वर मी पट्टी धरून रेघ मारली. बाजूला तारीख, सही. पाळकांची सही. रेघेखालून तो लो अजून वाचता येतो. लिहिलेलं खोडून नाहीसं करायचं नसतं, हा रजिस्टरचा नियम आहे, आणि या बाबतीत तो मला योग्य वाटतो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही तहसील कचेरीबाहेर गेलो: मुलगी, दाजी आणि मी. तिथं ताडपत्रीखाली एक म्हातारे मुसलमान टायपिस्ट बसत. त्यांनी कागद चढवला आणि मजकूर विचारला. मी सांगत गेलो. नावाशी त्यांचा हात थांबला.

"रुहामा? रहममधलं? ह्यो तर आमच्यातला शब्द हाय."

"इब्री भाषेतला आहे, चाचा."

"असंल. शेजारीच ऱ्हात असतील. आन् ह्ये आधी लो काय हाय?"

"न्हाई," मुलगी म्हणाली. "लो मंजी न्हाई."

चाचांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "रहम न्हाई? पोरीचं नाव? कुनी ठिवलं हो ह्ये?"

मी दाजींकडे पाहिलं. दाजी कचेरीच्या फाटकाकडे पाहत होते, जणू तिकडून कोणी येणार होतं. चाचांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी टाईप केलं, आणि जुनं नाव जिथं जिथं येत होतं तिथं किल्ल्या जरा जोरानं आपटल्या असं मला वाटलं. नक्की सांगता येणार नाही.

शाळेचं काम दिवाळीपर्यंत झालं. दहावीच्या सर्टिफिकेटवर पुढे रुहामा एवढंच छापून आलं. आबांनी ते पाहिलं नाही, त्याआधीच ते गेले. मंडळीत त्यांच्याबद्दल बोलताना एकानं सांगितलं की त्यांचा शास्त्राचा अभ्यास दांडगा होता. मी मागच्या बाकावर होतो, मी दुरुस्ती केली नाही.

सोमवारचं एवढंच राहिलं. सही-शिक्का झाल्यावर मी दाजींना म्हणालो, "नाव ठेवलं की मुलीच्या हातावर काहीतरी ठेवतात. तेव्हा राहिलं होतं तुमचं." त्यांनी खिसे चाचपले, घड्या घातलेली दहाची नोट काढली आणि तिच्याकडे न बघता तिच्या हातावर ठेवली. तिनं घडी उलगडून नोट सरळ केली.

स्टॅम्प पेपर आणि तिकिटं मिळून चाळीस झाले, ते दाजींनी दिले. टायपिंगचे पंधरा. त्यातले पाच मी दिले. दहाची ती नोट मुलीनं तिथल्या तिथं चाचांना दिली.